हर्न हिल, ट्रॅक सायकलिंग आणि तुमचे तेच तेच प्रश्न

नोकरीच्या निमित्ताने सव्वा वर्ष लंडनला होतो. तिथल्या हर्न हिल नावाच्या सायकल ट्रॅकवर सुट्टी मिळेल तसा जायचो, आणि परत आल्यापासून रविवारची राइड संपवून रंकाळ्यावर चहाला बसलं की कोण ना कोण तेच विचारतंय. ब्रेक नाहीत तर थांबता कसं, पडत नाही काय, पैसे कोण देतंय, कोल्हापुरात का नाही. सांगून सांगून तोंड दुखायला लागलं म्हणून एकदाच लिहून टाकतोय, आता कुणी विचारलं की हे वाचायला देणार आणि मी निवांत चहा पिणार.

हे हर्न हिल म्हणजे नक्की काय प्रकरण आहे?

दक्षिण लंडनमधला उघड्यावरचा सायकल ट्रॅक. १८९१ साली बांधलेला, म्हणजे आपलं खासबाग मैदान १९१२ चं, त्याच्याही आधी वीसेक वर्षं. ट्रॅक साधारण ४५० मीटरचा, काँक्रीटचा, एखादी उथळ परात ठेवावी तसा, दोन्ही वळणांवर बाहेरची बाजू उचललेली. अशा ट्रॅकला व्हेलोड्रोम म्हणतात. बाहेरून बघाल तर पत्ताच लागत नाही, साध्या घरांची रांग आहे, त्यात दोन घरांच्या मधून एक बोळ आत जातो आणि बोळ संपला की एकदम एवढं मोठं मैदान. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा दोनदा पुढं निघून गेलो होतो. आपल्या पेठांमधल्या तालमी कशा, नवख्याला दारासमोर उभं राहूनही कळत नाही आत आखाडा आहे म्हणून, तसलं.

आणि मुख्य म्हणजे ते कुठल्या कंपनीचं नाही. एक ट्रस्ट ते चालवतो, थोडा पगारी स्टाफ आहे, पण बाकीचा गाडा ओढतात ते स्वयंसेवक. त्याबद्दल खाली सविस्तर लिहिलंय, कारण मला सांगायचंय ते तेच.

गोल गोल फिरण्यात काय मजा? घाण्याच्या बैलासारखं?

हा प्रश्न आमच्या बाबांचा. उत्तर असं की पन्हाळ्याला सायकल घेऊन जाताना तुम्ही एकटे असता, दम लागला की आपलाच आपल्याला. ट्रॅकवर सगळे एकमेकांच्या दोन फुटांत असतात आणि बघणाऱ्याला पूर्ण रेस दिसते, सुरुवातीपासून शेवटपर्यंत, चहाचा कप हातात घेऊन. रोडरेसला तीन तास उभं राहायचं आणि पोरं वीस सेकंदांत समोरून निघून जाणार. कुस्ती मैदानात बसून बघण्यात जी मजा आहे ती ट्रॅकला आहे, एवढंच म्हणतो. बाबांना अजून पटलेलं नाही.

ब्रेक नसतात हे खरं का?

खरं. ब्रेक नाहीत, गिअर बदलायची सोय नाही आणि फ्रीव्हील पण नाही. फ्रीव्हील नाही म्हणजे काय ते आधी समजून घ्या, कारण सगळी गंमत तिथंच आहे. आपल्या साध्या सायकलला उतारावर पाय थांबवले तरी मागचं चाक फिरत राहतं आणि ते टिक टिक टिक वाजतं. ट्रॅक सायकलला मागचं दातेरी चक्र चाकाला घट्ट बसवलेलं असतं, चाक फिरतंय तोवर पायडल फिरणार आणि पायडल फिरतंय तोवर तुमचे पाय फिरणार, मध्ये विश्रांती नाही. पाय थांबवायला गेलात तर सायकल तुम्हाला उचलून सांगते की थांबायचं नाही म्हणून.

थांबायचं कसं, तर पायांनी उलटा दाब देऊन हळूहळू वेग मारायचा, किंवा वळणावर वर चढायचं म्हणजे चढावर वेग आपोआप पडतो, आणि शेवटी रेलिंगजवळ येऊन हाताने धरायचं. ब्रेक का नसतात याला कारण पण साधं आहे. वीस जण एकाच्या मागे एक चिकटून चाळीसच्या वेगाने चाललेत आणि पुढच्याने कचकन ब्रेक दाबला, तर मागचे सगळे त्याच्या अंगावर. कुणाकडेच ब्रेक नसला की कुणीच अचानक थांबू शकत नाही, सगळे सावकाशच मंदावतात. उलटं वाटतं ऐकायला, पण हायवेवर ट्रकच्या मागं सायकल चालवण्यापेक्षा मला तिथं जास्त सुरक्षित वाटायचं.

हिशेब आवडणाऱ्यांसाठी: पुढं ४८ दाते आणि मागं १६ असतील तर पायडलच्या एका फेरीत चाक ३ वेळा फिरतं, म्हणजे साधारण ६.३ मीटर. मिनिटाला ९० फेऱ्या मारल्या तर ताशी ३४ किलोमीटर. ४५० मीटरची एक फेरी मग पाऊण मिनिटाच्या थोडी वर. आता हे वीस मिनिटं न थांबता करून बघा आणि मग बाबांचा बैलवाला प्रश्न विचारा.

वळणावर तिरकं असतं तिथून घसरून खाली येत नाही?

जोतिबाच्या यात्रेत मौत का कुआँ बघितलाय ना? तेच गणित. वेग असला की भिंत तुम्हाला धरून ठेवते, वेग गेला की खाली. फरक एवढाच की तिथं भिंत जवळपास उभी असते. ऑलिम्पिकचे हल्लीचे ट्रॅक २५० मीटरचे, लाकडी, छताखाली असतात आणि वळणावरचा उतार ४२ ते ४५ अंशांचा असतो, तिथं ताशी तीसच्या खाली आलात की टायरची पकड सुटायची भीती. हर्न हिल त्यामानाने गरीब गाय आहे, जास्तीत जास्त १८ अंशांच्या आसपास. ट्रॅक लांब, वळण मोठं, म्हणून उतार कमी लागतो. तिथं तुम्ही अगदी सावकाश चालवलं तरी पडत नाही, म्हणूनच नवख्यांना शिकायला आणि लहान पोरांना सोडायला असला ट्रॅक चांगला. पहिल्यांदाच ४५ अंशांची लाकडी भिंत समोर दिसली असती तर मी तिथूनच वडापाव खायला परत फिरलो असतो. वडापाव तिथं मिळत नाही ही गोष्ट वेगळी.

ट्रॅकवर रंगीत पट्टे कसले?

सगळ्यात खाली काळी रेघ, आतल्या कडेपासून २० सेंटीमीटरवर, ट्रॅकची लांबी तिच्यावर मोजतात. तिच्या वर लाल, साधारण ९० सेंटीमीटरवर. काळी आणि लाल यांच्या मधली पट्टी स्प्रिंटवाल्यांची, शेवटच्या धडकेत पुढचा गडी त्या पट्टीत असला तर त्याच्या आतून घुसायचं नाही. त्याच्या वर निळी रेघ, सावकाश चालवणारे तिच्या वर राहतात. फिरायचं घड्याळाच्या उलट दिशेने, पुढं जायचं तर नेहमी उजवीकडून म्हणजे वरच्या बाजूने, आणि वर जायच्या आधी मान वळवून मागं बघायचं. हे मान वळवणं ज्याला येत नाही त्याला तिथले वस्ताद आधी तेच शिकवतात. आपल्याकडे दसरा चौकात कुणी मान वळवून बघत नाही, त्यामुळं मला जरा वेळ लागला.

एवढं जुनं मैदान, इतिहास काय?

बसा, हे जरा लांब आहे.

१८९१ मध्ये जॉर्ज लेसी हिलियर नावाच्या माणसाने ते उभं केलं, तो स्वतः सायकलपटू होता. तेव्हा सायकलचा नाद तिकडं एवढा होता की हजारोंनी लोक बघायला यायचे. २४ तासांच्या रेस व्हायच्या, दिवसरात्र तोच ट्रॅक. हे वाचलं आणि मला लगेच आपल्याकडचे ते सायकलवाले आठवले, गावाच्या चौकात सात-सात दिवस सायकलवरून न उतरता फिरायचे, सायकलवरच आंघोळ, सायकलवरच जेवण, रात्री लाउडस्पीकरवर गाणी, आणि बायका ओवाळून पैसे टाकायच्या. माझ्या आजोळी असला एक जण येऊन गेला होता, आम्ही पोरं रात्री उठून बघायला जायचो की तो खरंच झोपत नाही का. तो माणूस लंडनला जन्मला असता तर कुठल्यातरी पुस्तकात नाव असतं त्याचं. असो.

१९०३ पासून तिथं गुड फ्रायडेला मोठी रेस भरायला लागली आणि ती परंपरा पुढं शंभरहून जास्त वर्षं चालली. म्हणजे आपल्याकडं कसं ठरलेल्या यात्रेला ठरलेलं कुस्ती मैदान, तारीख सांगावी लागत नाही. आणखी एक, फुटबॉलवाल्या पेठांसाठी खास: पहिल्या महायुद्धात क्रिस्टल पॅलेस क्लबचं मैदान सरकारने ताब्यात घेतलं, तेव्हा १९१५ ते १९१८ ते या सायकल ट्रॅकच्या मधल्या मैदानावर मॅच खेळत होते.

मध्येच एक आठवलं. शाहू महाराज १९०२ साली इंग्लंडला गेले होते, आणि तिथून युरोप बघून आल्यावर खासबागची कल्पना डोक्यात आली असं आपल्याकडं सांगतात. त्या वर्षी हर्न हिलचा ट्रॅक ११ वर्षांचा होता. महाराज तिथं गेले होते असं मी म्हणत नाही, उगाच फॉरवर्ड करू नका.

दुसऱ्या महायुद्धात तिथं सायकली बंद, शत्रूच्या विमानांना अडवायला मोठे फुगे सोडतात त्यांची जागा झाली, आणि ट्रॅकमध्ये गवत-झुडपं उगवली. युद्ध संपल्यावर ते साफ करून परत चालू केलं.

१९४८ चं ऑलिम्पिक तिथं झालं होतं ना?

सायकलिंगच्या ट्रॅकवरच्या शर्यती झाल्या, हो. युद्धातून नुकताच बाहेर पडलेला देश, रेशनिंग चालू, नवीन स्टेडियम बांधायला पैसा नाही म्हणून जे आहे त्यातच भागवलं. स्प्रिंटमध्ये त्यांचा लाडका रेज हॅरिस सोनं घेणार असं सगळे धरून चालले होते आणि इटलीच्या मारियो गेलाने त्याला हरवलं. हॅरिस दोघांच्या सायकलच्या म्हणजे टँडेमच्या फायनलमध्ये पण होता, तिथं पण इटलीच पुढं. ती फायनल चालू असताना अंधार पडायला लागला, मैदानाला दिवे नाहीत, जवळजवळ काळोखातच संपली. ऑलिम्पिकची फायनल, आणि दिसत नाही! आपल्याकडं गल्लीतल्या मॅचला शेवटची ओव्हर अशीच असते.

आता कोल्हापूरकरांनी छाती पुढं काढायची जागा. त्याच ऑलिम्पिकला, त्याच शहरात, थेम्स नदीच्या पलीकडच्या अंगाला आपले खाशाबा जाधव कुस्ती खेळले. राजाराम कॉलेजचा विद्यार्थी, जायचा खर्च कोल्हापूरच्या महाराजांनी उचलला, आणि लाल मातीत वाढलेला गडी तिथं पहिल्यांदा मॅटवर उतरून सहावा आला. १९५२ ला हेलसिंकीला ब्राँझ आणलं, तेव्हा लोकांकडून गोळा केलेले पैसे कमी पडले म्हणून राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डीकर यांनी स्वतःचं घर गहाण ठेवून ७ हजार रुपये दिले. मी हर्न हिलवर हे एका म्हाताऱ्या स्वयंसेवकाला सांगितलं होतं. तो झाडू टेकवून ऐकत राहिला आणि मग म्हणाला, घर गहाण ठेवलेला माणूस आमच्याकडं पण पाहिजे होता.

मग ते बंद पडायला का आलं होतं?

तो म्हातारा तसं का म्हणाला ते इथं कळेल.

जमीन ट्रस्टची नाही, डलिच इस्टेट म्हणून तिथली जुनी जमीनदार संस्था आहे, तिची. भाडेपट्टा छोट्या छोट्या मुदतीचा. आता भाडेकरूला दोन-तीन वर्षांचीच हमी असेल तर तो छप्पर कशाला बदलेल, आणि छप्पर गळतंय म्हणून मोठा निधी द्यायला कुणी पुढं येत नाही, आणि निधी नाही म्हणून लांब पट्टा द्यायला मालक तयार नाही. वाड्यातल्या भाडेकरूंना हे समजावून सांगायला नको. १८९१ चा प्रेक्षकांचा जुना स्टँड एवढा खराब झाला की आत पाऊल ठेवायचं नाही, बाहेरून बघायचं. पोरं कंटेनरमध्ये ठेवलेल्या सायकली काढून चालवायची. २००५ च्या सुमाराला तर बंदच होणार अशी वेळ आली होती.

२०१० मध्ये मग जवळपासच्या लोकांनी मोहीम काढली, ट्रॅक वाचवा म्हणून. सायकलवालेच नाही, शेजारी राहणारे पण, आणि मला वाटतं तिथंच खेळ फिरला, कारण फक्त सायकलवाले ओरडले असते तर ते मूठभर. शेजारच्या काकूला पण वाटलं पाहिजे की हे गेलं तर आपलं काहीतरी जाईल. ट्रस्ट झाला, २०११ मध्ये ब्रिटिश सायकलिंग या तिथल्या राष्ट्रीय संघटनेच्या पैशातून ट्रॅकचा पृष्ठभाग नवीन केला, मग लांब मुदतीचा पट्टा झाला, आणि २०१७ मध्ये जुन्या स्टँडच्या जागी नवी इमारत उभी राहिली. एवढं व्हायला सात वर्षं लागली हे लक्षात ठेवा. आपल्याकडं तीन मीटिंग झाल्या की लोक म्हणतात काय होत नाही बघा.

आणि हो, ब्रॅडली विगिन्स, २०१२ चा टूर द फ्रान्स, म्हणजे फ्रान्समधली ती सगळ्यात मोठी सायकल शर्यत, जिंकणारा, त्याची पहिली रेस वयाच्या १२ व्या वर्षी इथलीच. मोहिमेत हे नाव कामाला आलं असणारच. पण मला स्वतःला विगिन्सपेक्षा त्या उरलेल्या शेकडो पोरांचं कौतुक आहे जी कधीच काही जिंकली नाहीत आणि आता आपल्या पोरांना घेऊन तिथं येतात.

स्वयंसेवक म्हणजे नक्की काय करतात? झेंडे हलवतात?

झाडतात.

चेष्टा नाही. ट्रॅकच्या कडेला झाडं आहेत, पानं पडली आणि त्यावर दव पडलं की काँक्रीट तेल सांडल्यासारखं होतं. २३ मिलिमीटरचा टायर, ब्रेक नाही, तुम्हीच विचार करा. मी ज्या ज्या सकाळी लवकर पोचलो त्या त्या सकाळी कुणीतरी आधीच झाडत असायचं. त्याशिवाय भाड्याच्या सायकलींच्या चेन ताणणं, टायर बघणं, लहान पोरांच्या सीट वरखाली करणं, नावं लिहून घेणं, लॅप मोजणं, शेवटच्या फेरीला घंटा वाजवणं, चहा करणं, पडलेल्याचं खरचटलेलं धुणं. आणि शिकवणं, ते सगळ्यात मोठं. शिकवणाऱ्यांमध्ये असे पण आहेत जे स्वतः तिथंच शिकले.

आपल्या तालमीत काय वेगळं असतं हो? पहाटे उठून हौद्यातली माती उकरायची, त्यात ताक, तेल, हळद, लिंबू घालायचं, कोण पगार देतं त्याला? ज्याला खेळायचंय त्याने आधी खोऱ्या मारायचा. मोठा पैलवान झाला तरी हौद्याला हात लावल्याशिवाय उतरत नाही. मी हर्न हिलवर पहिल्या महिन्यात नुसता सायकल चालवून घरी यायचो, मग एकदा त्या म्हाताऱ्याने काही न बोलता दुसरा झाडू माझ्या हातात दिला. त्यानंतर मला तिथले लोक नावाने हाक मारायला लागले.

पैशाचं काय?

सेशनची फी, मेंबरशिप, शाळांच्या पोरांचे कार्यक्रम, देणग्या, मोठ्या कामासाठी खेळाच्या संस्थांचा निधी. काँक्रीट टाकायला निधी मिळतो, झाडायला मिळत नाही, म्हणून झाडायला माणसं लागतात.

पाऊस पडला की काय?

उघडा ट्रॅक, त्यामुळं पाऊस आला की रेस रद्द. ती प्रसिद्ध गुड फ्रायडेची रेस पण पावसाने धुऊन गेल्याची उदाहरणं आहेत. लंडनचा पाऊस म्हणजे आपल्या नजरेनं बघितलं तर नुसतं नाक गळतंय, पण काँक्रीट ओलं व्हायला तेवढा पुरतो. आपल्याकडं उघडा ट्रॅक झाला तर जून ते सप्टेंबर कुलूप, हे आधीच धरून चालायचं. आणि जागा बघताना पंचगंगेचं पाणी २०१९ ला आणि २०२१ ला कुठपर्यंत आलं होतं ते आधी विचारायचं.

कोण चालवू शकतं? वयाची अट? मुलींना घेतात का?

हा प्रश्न एका वहिनींनी विचारला, त्यांच्या लेकीसाठी, आणि विचारताना आवाज खाली केला. तो खाली करायचं कारण नाही. तिथं बायकांची वेगळी सेशन्स पण असतात आणि सगळ्यांबरोबर पण येतात. अर्थात सुरुवातीपासून असं नव्हतं, १९४८ ला हर्न हिलवर बायकांची एकही ऑलिम्पिक शर्यत नव्हती, ट्रॅकवर बायकांना ऑलिम्पिकमध्ये जागा मिळायला १९८८ उजाडलं. लहान पोरांसाठी मधल्या मैदानात वेगळा छोटा ट्रॅक आहे. म्हातारे तर इतके की सत्तरीचा एक माणूस मला रोज वरून मागं टाकायचा आणि जाताना गुड मॉर्निंग म्हणायचा. ते गुड मॉर्निंग जास्त लागायचं.

पहिल्या दिवशी काय होतं?

सायकल भाड्याने मिळते, हेल्मेट सक्तीचं. रेलिंग धरून सायकलवर बसायचं, पाय पायडलला अडकवायचे आणि कुणीतरी सांगेपर्यंत रेलिंग सोडायचं नाही. आधी आतल्या सपाट भागात फेऱ्या, मग काळी रेघ, मग लाल, जमलं तर निळी. सगळं बरं चाललं होतं माझं, फेरी संपली आणि सवयीने पाय थांबवले. मागचं चाक मला सीटवरून सहा इंच वर फेकून परत खाली घेऊन आलं. पडलो नाही, पण तोंडातून जे बाहेर पडलं ते शुद्ध कोल्हापुरी होतं, आणि शिकवणाऱ्याला भाषा कळली नाही तरी अर्थ कळला. तो म्हणाला, सगळे हेच म्हणतात.

रेस किती प्रकारच्या असतात?

लई आहेत, सगळ्या सांगत बसत नाही. स्प्रिंट म्हणजे दोघांची, आणि यात गंमत अशी की सुरुवातीला दोघंही एकदम हळू, कधी कधी सायकल जाग्यावर उभी करून ठेवतात, कारण पुढं जाणाऱ्याच्या मागं हवेच्या आडोशाला राहणं फायद्याचं. म्हणजे तू आधी जा, नाही तू आधी जा. पैलवान जसे हात अडकवून नुसते डोक्याला डोकं लावून उभे राहतात आणि प्रेक्षक ओरडतात, मग एकदम डाव पडतो, तसं. परसूट म्हणजे दोन बाजूंनी सुटायचं आणि एकमेकांचा पाठलाग. किरीन जपानचं, तिथं १९४८ पासून त्यावर अधिकृत पैज लागते, ऑलिम्पिकमध्ये आधी एका मोटर लावलेल्या सायकलच्या मागे सगळे ओळीत, मग ती बाजूला होते आणि राडा.

माझी आवडती मॅडिसन. नाव न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनवरून. तिथं पूर्वी सहा दिवसांच्या रेस व्हायच्या, एकच माणूस सहा दिवस, लोक अक्षरशः भ्रमिष्ट व्हायला लागले, मग कायदा आला की एका माणसाने दिवसाला १२ तासांच्या वर चालवायचं नाही. आयोजकांनी डोकं लावलं आणि जोडी आणली, एक चालवतो तेव्हा दुसरा दम खातो. बदली कशी करतात, तर चालत्या सायकलवर हात धरून जोडीदाराला पुढं फेकायचं, ताशी पन्नासच्या वेगाने. बघताना काही कळत नाही कोण पुढं, कोण मागं, पण बघवत राहतं. सात दिवस सायकलवाल्याला कुणी असा जोडीदार दिला असता तर बिचारा झोपला तरी असता.

भारतात असे ट्रॅक आहेत का?

आहेत. जवळचा म्हणजे पुण्यात बालेवाडीला, १९९४ च्या राष्ट्रीय स्पर्धांच्या निमित्ताने जे क्रीडासंकुल झालं त्यात. दिल्लीला इंदिरा गांधी स्टेडियममध्ये २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धेसाठी झालेला २५० मीटरचा लाकडी, छताखालचा. लुधियाना, हैदराबाद इथं पण आहेत. आणि पोरं पण कमी नाहीत आपली, २०१९ ला ज्युनियर जागतिक स्पर्धेत टीम स्प्रिंटचं सोनं भारताने घेतलं, त्यात अंदमानचा एसो अल्बेन आणि मणिपूरचा रोनाल्डो सिंग होता. अंदमान! जिथं सरळ शंभर किलोमीटर रस्ता मिळायची मारामार तिथला पोरगा. आणि आपण म्हणतोय कोल्हापुरात सोय नाही.

मग कोल्हापुरात होईल का?

काँक्रीटचा ट्रॅक लगेच? नाही. मी स्वप्न विकणार नाही. जागा, पैसा, देखभाल, आणि उद्घाटनाची फीत कापल्यावर रोज झाडायला कोण येणार, हा प्रश्न सगळ्यात आधी विचारायचा. देशभरात बांधून ठेवलेली आणि गवत वाढलेली मैदानं कमी आहेत का?

पण ट्रॅक नसला तरी ट्रॅक रेस होते. इंग्लंडात गवतावरची रेस हा वेगळा प्रकारच आहे, खेड्यातल्या जत्रेत मैदानावर चारशे मीटरचा अंडाकृती आखतात आणि त्यावर बिनब्रेकच्याच सायकली पळवतात, वळण सपाट, वेग कमी, पडलं तरी गवतावर. हे आपल्याला आज जमण्यासारखं आहे. गेल्या डिसेंबरात आम्ही सहा जणांनी एका शाळेच्या मैदानावर फक्कीने आखून करून बघितलं. दोघांकडं फिक्स्ड गिअरची म्हणजे बिनफ्रीव्हीलची सायकल, बाकीचे आपापली घेऊन. आखायला दीड तास लागला, त्यात अर्धा तास दगड वेचण्यात गेला. रेस बारा मिनिटं. पण खो-खोच्या प्रॅक्टिसला आलेल्या पोरी कडेला उभ्या राहिल्या, मग मोजायला लागल्या, मग त्यातली एक म्हणाली मी घंटा वाजवू का, आणि शाळेची पितळी घंटा घेऊन आली. पुढच्या वेळी तीच सायकल मागणार हे मला तेव्हाच दिसलं.

या थंडीत परत करणार आहोत. यायचं असेल तर सायकल नसली तरी चालेल, खराटा घेऊन या.

मी ऑनलाइन बिनब्रेकची फिक्सी मागवलीय, रंकाळ्यावर चालवू का?

नाही. नाही. नाही. ट्रॅकवर ब्रेक नको कारण तिथं कुणाकडंच नसतो, रस्त्यावर सगळ्यांकडं असतो, आणि रिक्षावाला तर तो कधी दाबेल सांगता येत नाही. रस्त्यावर चालवायची तर निदान पुढचा ब्रेक बसवून घ्या, कुठलाही सायकल दुकानवाला बसवून देईल. आमच्यातल्या एकाने ऐकलं नाही, संध्याकाळच्या गर्दीत तिथं गेला आणि सरळ भेळेच्या गाड्यात घुसला. त्याला काही झालं नाही, गाडीवाल्या मामांना पण नाही, चुरमुऱ्याचं पोतं मध्ये आलं म्हणून वाचला. अकरा प्लेटचे पैसे आम्ही वर्गणी काढून भरले आणि त्यातल्या चार त्यानेच खाल्ल्या.